बेचाळीस छान

फळा ही कल्पना चांगली होती. मी आजही तसंच म्हणते, पण ताईसमोर नाही. ताईसमोर फळ्याचं नाव काढलं की ती उठून आत जाते.

फळा म्हणजे खडूचा नव्हे. फोनवरचा, सगळ्या कंपनीचा मिळून एकच. ज्याला जे दिसेल ते त्यानं तिथं लिहायचं, ज्याला उत्तर माहीत असेल त्यानं द्यायचं, वाचायचं सगळ्यांनी. आमचं शीतगृह आहे. बटाटे, सफरचंदं, गोठवलेले मटार असा माल सहा मोठ्या खोल्यांत राहतो. वरच्या मजल्यावर ऑफिस, खाली खोल्या आणि कंप्रेसर रूम. वरच्याला खालचं कळत नाही आणि खालच्याला वरचं, म्हणून फळा आणला. मी पत्रव्यवहार बघायचे, टाइप भराभर करायचे, म्हणून फळ्याची किल्ली माझ्याकडे आली. कुणाला आत घ्यायचं, काय ठेवायचं, काय पुसायचं, हे सगळं माझ्या हातात.

पहिल्या आठवड्यात गाड्यांवालीनं लिहिलं. माल न्यायला येणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक ती ठरवते. तिनं साधं विचारलं, "चार नंबरची खोली आज रिकामी होणार का? मला गाड्यांना तसं सांगायचंय." दहा मिनिटांत खालच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खालचे साहेब म्हणजे सगळ्या खोल्यांचे प्रमुख. काच बंद होती, तरी आवाज बाहेर येत होता. "माझ्या खोल्यांचं तू चारचौघांत विचारतेस? वरच्या साहेबांना वाटेल मला काही पत्ताच नाही." ती बाहेर आली ती कान लाल करून. पुन्हा तिनं फळ्यावर प्रश्न म्हणून विचारला नाही.

स्टोअरवाल्याला सगळे कुलूप म्हणतात. त्याच्याकडे काय आहे आणि किती आहे, हे फक्त त्याच्या डायरीत आणि डायरी त्याच्या खिशात. मी त्याला म्हटलं, "काका, यादी फळ्यावर टाका ना. प्रत्येकाला तुमच्याकडे खेटे घालायला नकोत." तो हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. यादी लावली तर मला विचारायला कोण येईल?" त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या खिडकीशी माणसं हात जोडून उभी राहतात, घरी त्याला कुणी विचारत नाही.

मग वरच्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य साहेबांनी, फळ्याला आपला हातभार लावला. कुणी काहीही लिहिलं, की त्याखाली ते लिहायचे, "छान." कुणीतरी नव्या कुंड्यांचा फोटो टाकला, छान. कुणी सुट्टीच्या दिवसाची आठवण केली, छान. झालं. साहेबांनी छान म्हटल्यावर खालच्या साहेबांनी म्हणायलाच हवं, त्यांच्यानंतर हिशेबनिसानं, मग कुलुपानं, मग बाकीच्यांनी. आपल्याहून मोठ्यानं लिहिल्याशिवाय धाकट्यानं लिहायचं नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण चुकूनही मोडलं जायचं नाही. साहेब तीन दिवस गावाला गेले तर फळा तीन दिवस गप्प. परत आल्यावर सकाळी एका दमात नऊ छान टाकले त्यांनी, आणि अकरा वाजेपर्यंत त्या नऊखाली रांगा लागल्या.

मला हे दिसत होतं. मी ते थांबवलं नाही, उलट सोय केली. लोक म्हणाले, रोज टाइप करायचा कंटाळा येतो, तर मी 'छान'चं एक बटणच करून दिलं. बोट टेकवलं की तुमच्या नावानं छान. महिन्याअखेर मी साहेबांना आकडा दाखवायचे, अमुक इतक्या लोकांनी भाग घेतला. आकडा फुगत होता. साहेब माझ्याकडे बघून मान हलवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एकाच ठिकाणी घोडं अडलं होतं, कंप्रेसर रूम. तिथला आकडा शून्य. आणि तिथं होते भाऊजी.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. माझी फी, माझे चष्मे, पुढे ही नोकरी, सगळं त्यांनी न बोलता केलं. शीतगृहाचा गारवा अमोनियावर चालतो. हा वायू पाइपांतून फिरतो तोवर गुणाचा, बाहेर आला की नाक, घसा, डोळे जाळतो. तो फिरवणारी मशीनं भाऊजी एकोणीस वर्षं सांभाळत होते. त्यांची काम करून घ्यायची पद्धत सगळ्या कंपनीला पाठ होती. काही बिघडलं की जिना चढून वर यायचे, ज्याची सही हवी त्याच्या टेबलासमोर उभे राहायचे आणि बोटानं टेबल वाजवायचे. टक, टक, टक. ओरडणं नाही, भांडण नाही. सही होईपर्यंत हलायचे नाहीत. लोक वैतागायचे, पण सही व्हायची.

एका सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे जेवायला गेले होते, तेव्हा मी विषय काढलाच.

"भाऊजी, एकदा तरी लिहा ना फळ्यावर. कंप्रेसर रूमचा शून्य माझ्या डोळ्यांत खुपतो."

"लिहून काम होतं?" भाऊजींनी विचारलं.

"होतं की. सगळ्यांना एकदम कळतं."

"सगळ्यांना एकदम कळलं म्हणजे कुणालाच नाही कळलं. एका माणसासमोर जाऊन उभं राहिलं की त्याला लाज वाटते. फोनला कसली आलीय लाज?"

"अहो, ती एवढं म्हणतेय तर लिहा की," ताई वाढता वाढता म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

भाऊजी हसले. "बरं बाई. तुझ्यासाठी लिहीन."

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बोलायला लागले की मला आवरत नाही. म्हटलं, "आणि लिहिलं की परत वर येऊन टेबल वाजवायचं नाही हं. नाहीतर लोक म्हणतील, हिच्या घरच्या माणसाचाच फळ्यावर विश्वास नाही, आम्ही कशाला ठेवू?"

"नाही वाजवत," ते म्हणाले. दिलेला शब्द भाऊजी पाळतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पुढच्या मंगळवारी सकाळी त्यांनी लिहिलं. मी महिन्याचा तक्ता भरत बसले होते. फोन वाजला, वर बघितलं तर नाव 'कंप्रेसर रूम'. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्याखाली साहेबांचं छान येऊन पडलंच होतं. मग खालच्या साहेबांचं, हिशेबनिसाचं, कुलुपाचं आलं. माझी पाळी आल्याबरोबर मी बोट टेकवलं, आणि भाऊजींना वेगळा निरोप धाडला, "मानलं तुम्हाला!" तक्त्यात शून्य खोडून एक केला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याखाली बेचाळीस छान झाले. फळ्यावरचा तो विक्रम होता.

त्यानंतर नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत काय काय झालं, ते मी नंतर एकेकाकडून गोळा केलं. झाडणाऱ्या बायका तीन नंबरच्या खोलीजवळ आल्या की नाकाला रुमाल लावायच्या. हमाल माल घेऊन मागच्या दारानं जायला लागले, लांब पडत होतं तरी. रखवालदाराची मांजर त्या खोलीबाहेरच्या बोळातल्या उबदार पाइपाखाली निजायची, ती तिथली उठून गेटवर आली. पाचव्या दिवशी मी स्वतः एक कागद द्यायला खाली गेले होते. डोळ्यांत जरा चुरचुरलं. वाटलं, जागरण झालंय. चहाच्या मशीनपाशी याची कुजबुज चालायची, पण फळ्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पहिल्यांदा कोण लिहिणार? ज्याच्या विभागातलं असेल तो लिहील. आपण बरं, आपलं काम बरं.

सातव्या दिवशी ताईचा फोन आला. "अगं, हे घरी आले की आधी तो फळा उघडून बसतात. मलाही दाखवलं, बघ, खुद्द साहेबांनी छान म्हटलंय, बेचाळीस जणांनी वाचलंय. पण ते पॅकिंग कधी देणार गं?"

"देतील ताई," मी म्हटलं. "वेळ लागतो या गोष्टींना."

कसलं पॅकिंग, हे मी विचारलं नाही. माझ्यासमोर एक पत्र अर्धवट पडलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता विक्री विभागातल्या दहा-बारा जणांना मी फळा शिकवत होते. मीटिंग रूम, भिंतीवर मोठा पडदा. विक्रीवाले नाकानं कांदे सोलणारे. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, आमचं काम फोनवर होतं. हे लिहीत बसायला वेळ कुणाला आहे?" मला राग आला. म्हटलं, थांबा, दाखवते. "खाली मशीनवर काम करणारा माणूस लिहितो, तुम्हाला वेळ नाही?" आणि भाऊजींचं लिहिणं मी पडद्यावर मोठं करून लावलं. मोठ्यानं वाचायला लागले.

"तीन नंबरच्या बाहेरच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग खराब झालं आहे. गॅस थोडा थोडा गळतो आहे. स्टोअरमधून नवीन पॅकिंग आणि मशीन दोन तास बंद ठेवण्याची परवानगी मिळाली की लगेच बदलतो. तोपर्यंत रोज थोडा आवळून..."

इथे मी थांबले. उरलेलं मी मनात वाचलं. "तोपर्यंत रोज थोडा आवळून भागवतो आहे. जास्त दिवस असं चालणार नाही. कृपया कुणीही तिथं थांबू नये."

आणि खाली ओळीनं छान. छान. छान. विक्रीवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. त्याला ती गंमत वाटली असावी.

मी फोन लावला, भाऊजींनी उचलला नाही. मशीनच्या आवाजात त्यांना तो ऐकू येत नाही, म्हणून तर ते जिना चढून वर यायचे. मी धावत सुटले. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर वास आला, असा की पुढचं पाऊल टाकवेना. तोंडावर ओढणी दाबून उतरले. बोळात पांढरा धूर होता आणि त्यातून हमाल बाहेर पळत होते. रोजच्यासारखे भाऊजी पाना घेऊन व्हॉल्व्ह आवळायला गेले होते. त्या दिवशी गॅस अडवून धरणारं ते पॅकिंगच सुटलं. धार तोंडावर आली.

दोघांनी त्यांना ओढत मागच्या नळाखाली आणलं होतं. ते जमिनीवर बसले होते, डोक्यावरून पाणी चाललं होतं आणि दोन्ही हात पुढे करून ते काहीतरी चाचपत होते. मी हात धरला. "कोण?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. "मशीन बंद केलं का कुणी?" ते म्हणाले. एवढंच.

त्यांना घेऊन गाडी गेली. मशीन थांबलं, बोळ मोकळा केला, आणि दुपारी एक वाजता कुलुपानं आपल्या मागच्या फळीवरून पॅकिंगची पेटी खाली काढली. नवी कोरी पेटी, आठ महिन्यांपासून तिथंच पडलेली. त्यानं ती कुणालाही न दाखवता परत वर ठेवली. मी ती पाहिली, हे त्यालाही दिसलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या साहेबांनी सगळ्यांना सांगितलं की परवा तपासणी अधिकारी येणार आहेत, फळाही बघणार आहेत. त्यानंतर माझ्या टेबलाशी माणसं यायला लागली. एकेकटी, आवाज खाली ठेवून. आधी झाडणाऱ्या बायकांची मुकादम आली. "बाई, मला वाचता कुठं येतं नीट. माझं तेवढं काढा." मग हमालांचा मुकादम, मग हिशेबनीस. "फक्त माझं काढ. बाकीच्यांचं मला काही माहीत नाही." कुलूप आला, स्टोअरमधली एक नवी वही लाच दिल्यासारखी माझ्यासमोर ठेवून उभा राहिला. खालच्या साहेबांनी स्वतः न येता शिपाई पाठवला. सगळ्यांच्या शेवटी फोन आला, वरच्या साहेबांचा. ते म्हणाले, "तू हुशार आहेस. मी काय सांगायचं?" लिहायला वरून सुरुवात व्हायची, पुसायला खालून झाली.

मला त्यांची चीड यायला हवी होती. पण मी कुठल्या तोंडानं चिडणार? माझं छान मी आदल्या दिवशीच काढलं होतं. हॉस्पिटलात जायला रिक्षात बसण्याआधी, गेटवर उभं राहून, डोळ्यांतून पाणी गळत असताना. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपसूक तिकडं गेला.

गाड्यांवाली एकटीच वेगळं बोलली. "माझं राहू दे," ती म्हणाली. "मी न वाचता दाबलं होतं, विचारलं तर तसंच सांगेन." मी हो म्हटलं. ती गेल्यावर बघितलं, तर एकेचाळीस गेल्यावर तिचं एकटीचंच राहत होतं. एकच राहिलं तर अधिकारी विचारणार, बाकीच्यांचं काय? मी तेही काढलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

फळ्यावर आता भाऊजींचं लिहिणं तेवढं उरलं. खाली कोरं. अधिकाऱ्यांना साहेबांनी तेच दाखवलं. म्हणाले, माणसानं लिहिलं खरं, पण कुणाच्या नजरेस पडलं नाही. एरवी तो वर येऊन सांगतो, या वेळी का आला नाही कोण जाणे. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, एरवी येतात ते."

त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. भाऊजींच्या डोळ्यांवर जाड पट्ट्या होत्या. डावा गेलाच, उजव्याचं पट्टी काढल्यावर सांगू, असं डॉक्टर म्हणाले होते. ताई त्यांचा फोन हातात घेऊन पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

"कंपनीचा माणूस येऊन गेला," ती म्हणाली. "म्हणतो यांनी कुणाला सांगितलंच नाही. म्हणून मी फळा उघडला. अगं, इथं तर काहीच नाही."

"नीट बघ," भाऊजी पट्टीमागून म्हणाले. "माझ्या लिहिण्याच्या खाली बघ. साहेबांचं नाव सगळ्यात वर आहे."

"नाही हो." ताईनं फोन माझ्या हातात दिला. "तूच बघ बाई. तुला यातलं कळतं."

मी फोन हातात घेतला. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिले. नोकरी, साहेब, अधिकारी, यातलं काहीही त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. ताईला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, एवढीच भीती होती.

"नाही ताई," मी म्हटलं. "कुणीच काही लिहिलेलं नाही."

भाऊजींनी हात पुढे केला, चाचपून माझं मनगट धरलं. त्यांना माझ्यावर संशय नव्हता. इतक्या वर्षांत कधीच नव्हता.

"बेचाळीस होते गं," ते म्हणाले. "मी रोज मोजायचो. तेव्हा तर मला नीट दिसत होतं ना?"